कोरडा वाघजी

तांबी नदीच्या खोऱ्यावर पाऊस किती पडणार हे वेधशाळेला कळायच्या आधी शिरगोळच्या टेकडीवरच्या भाकीत केंद्राला कळतं, अशी ख्याती होती. तिथे ना फुगे सोडत, ना ढगांची चित्रं टिपत. तिथे लोकांना खेळायला लावत. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. केंद्रप्रमुख डॉ. विश्वंभर पेंडुरकरांनाही पहिल्यांदा ही कल्पना सुचली तेव्हा ती थापच वाटली होती.

त्या दिवशी धरणाच्या दरवाजांची अभियंता नसीमा मुकादम फोन न करता थेट प्रयोगशाळेत येऊन बसली. धरण गळ्यापर्यंत भरलेलं. आता पाणी हळूहळू सोडलं आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात खोरं तिच्या नावाने बोटं मोडणार. सोडलं नाही आणि आभाळ फाटलं, तर सगळे दरवाजे एकदम उघडावे लागणार आणि खालचं वेळशेत गाव झोपेतच वाहून जाणार.

"कोरडं आहे, मुकादम मॅडम," पेंडुरकर आरामात म्हणाले. "शंभरातले सत्त्याण्णव उद्या कोरडे."

"पण उद्या तर एकच असतो ना, सर?"

या प्रश्नाची पेंडुरकर वर्षभर वाट बघत असत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वाऱ्यात चिमूटभर फरक पडला तरी परवाचं आभाळ बदलतं, म्हणून एकच भाकीत करणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्याऐवजी वारा जरा जरा बदलून हजारो उद्या मांडायचे आणि त्यांतल्या किती उद्यांत पूर येतो ते बघायचं. या जत्थ्याला त्यांनी नाव दिलं होतं उद्यावळ. एवढी आकडेमोड करायला लागणारी यंत्रं केंद्राकडे कुठली? ती लोकांच्या घरी होती, खेळ खेळायची. मग त्यांनी 'चिंब' नावाचा तग धरण्याचा खेळ काढला. खोरं खरं, ढग खरे, आणि प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एक वेगळा उद्या. झोपडी शाकारायची, भोवती चर खणायचा, सरपण कोरडं ठेवायचं, पागोळीचं पाणी मडक्यात धरून तेच प्यायचं. ओलमापकाचा काटा लाल झाला की हुडहुडी भरून खेळाडू मेला. डाव पुरा झाला की त्यातला पाऊस आपोआप केंद्राकडे जमा.

"लोक फुकट आकडेमोड करतात, वर आभार मानतात," असं म्हणून ते मनापासून हसले.

"तुम्ही खेळता?"

"मी?" पेंडुरकरांनी चष्मा पुसला. "मला कुठला वेळ?"

हे बोलणं साफ खोटं होतं. जेवणानंतर कचेरीचं दार लावून ते रोज खेळत, आणि 'वाघजी' या नावाने खेळत. वाघजी म्हणजे 'चिंब'मधला महापुरुष. त्याचा ओलमापक कधी हिरव्याच्या पुढे गेला नव्हता. त्याने झोपडी कुठे बांधली, चर कुठून काढला, याचे नकाशे खेळाडू एकमेकांना पाठवत.

नसीमा म्हणाली, "मी परवाच सुरू केला. पहिल्याच डावात झोपडी गेली, मडकी गेली, मीही गेले. मग ती माघारकळ दाबली, सकाळपासून पुन्हा खेळले, तर लख्ख ऊन. छान सोय ठेवलीय." ती जरा थांबली. "सर, तो बुडालेला डाव तुमच्याकडे येतो ना?"

पेंडुरकरांच्या हातातला चष्मा तसाच राहिला.

येत नव्हता. माघारकळ दाबली की वारा जरासा बदलून नवा उद्या सुरू होई आणि जुना पुसला जाई. अर्धवट डाव घेऊन करायचं काय, असं त्यांनीच ठरवलं होतं. केंद्राकडे पोचत होते ते फक्त पुरे झालेले डाव, आणि भिजत भिजत डाव पुरा करायची हौस कुणाला? म्हणजे त्यांची उद्यावळ आभाळात काय आहे ते सांगत नव्हती. लोकांना काय हवं आहे, ते सांगत होती. आणि हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण वाघजी काल दुपारभर माघारकळच दाबत होता.

त्यांनी घाईघाईने सगळ्या खेळाडूंना प्रश्न पाठवला: या फेरीत किती वेळा माघारी फिरलात? खरं सांगा, गावाचा प्रश्न आहे. उत्तरं धो धो आली. एकदाही नाही. एकदाही नाही. छे, मी आणि माघारी?

"सगळे शूर आहेत," पेंडुरकर म्हणाले.

नसीमाने मान खाली घातली. "मीही 'नाही'च लिहिलं, सर. आत्ता, इथे बसून. उत्तर सगळ्यांना दिसतं ना, हात वळेचना."

ती धरणाच्या पातळीच्या आकड्यांकडे बघत राहिली. नुसत्या संशयावर धरणाचे दरवाजे उघडायला वरून कुणी परवानगी देणार नव्हतं. पेंडुरकरांचे कान गरम झाले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ शोधनिबंध लिहिले होते, पण त्यांतला एकही इतका जड गेला नव्हता. त्याच प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं: 'मी वाघजी. खरं नाव विश्वंभर पेंडुरकर, या केंद्राचा प्रमुख. माझी झोपडी काल दर डावात वाहून गेली. कोरडा डाव मिळेपर्यंत मी माघारी फिरत राहिलो. मी कधीच कोरडा राहिलेलो नाही.'

नसीमाने ते वाचलं.

"तुमचा नकाशा बघून मी झोपडी बांधली होती," ती म्हणाली. "तरीच."

आधी शिव्या आल्या, त्याही निवडक. मग हळूहळू एकेकाने लिहिलं: मीपण. माझीही गेली. आमच्या घरात तिघांच्याही गेल्या. दिवस कलेपर्यंत उद्यावळीतले पुसलेले उद्या कबुलीने भरून निघाले आणि पारडं फिरलं. बहुतेक उद्यांत वेळशेत नव्हतंच. परवानगी आली. नसीमाने सकाळच्या लख्ख उन्हात दरवाजे थोडे थोडे उचलले.

वेळशेतच्या काठावर उघडीप साधून बायकांनी सुकट उन्हाला घातली होती. धरणाचा भोंगा वाजला, पण एवढ्या उन्हात त्याकडे कोण लक्ष देतो? पाणी चढलं आणि वाळवण घेऊन गेलं. त्यानंतर दोन दिवस असा पाऊस कोसळला की म्हातारी माणसंही गप्प झाली. धरणाने तो पोटात घेतला. नदी घाटाच्या वरच्या पायरीला टेकली आणि तिथेच थांबली.

पेंडुरकर वेळशेतला गेले. कुणीतरी हात हातात घेईल, निदान चहा विचारील, असं मनाच्या कोपऱ्यात होतं. काठावर भागीरथी तांडेल चिखलातून कुजका जवळा उपसत होती.

"तुमीच ते पाणी सोडूक लावणारे?" तिने विचारलं. "पाऊस पडलो, ह्या खरा. पण पूर खंय इलो, सायबानू? माझी सुकटां तेवढी व्हावान गेली."

पूर आला असता, बाई, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण दाखवणार काय? तो उद्या आता कुणाच्याच यंत्रात नव्हता. आणि आपण कसे दिसू, तेही त्यांना दिसलं: दुसऱ्याची वाळवणं बुडवून, 'मी तुम्हाला वाचवलं' असं कोरड्या कपड्यांत सांगणारा गृहस्थ. कालपर्यंत हे वाक्य त्यांनी ताठ मानेने म्हटलं असतं.

"चुकलंच," ते म्हणाले.

"मगे उबे कित्याक? धरा टोपली."

त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टोपलीची दुसरी कड धरली. नदीच्या काठावर वेळशेतची सगळी घरं उभी होती, आणि ती उभी का आहेत, हे त्यांतल्या एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही.