फैजपूरच्या पाटल्या

"उद्या माझे आईवडील येतील, आणि आमचे सासरे, आबा, त्यांच्यासमोर मला चोर म्हणतील," कामिनी म्हणाली. "म्हणतील, घेऊन जा तुमची पोरगी."

हेमांगीच्या जळगावच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात लग्नाच्या चौकशीवालेच जास्त. पोरगा पितो का, पोरीचं आधी कुठं जमलं होतं का. चोरी म्हटल्यावर तिचा मदतनीस स्वप्नील खुर्चीत सावरून बसला.

"गेलं काय?" हेमांगीनं विचारलं.

"सासूबाईंच्या पाटल्या. त्या वारल्यापासून दागिन्यांचा डबा आबांच्या तिजोरीत, किल्ली आबांच्या करदोड्याला. दुसऱ्या कोणी डबा उघडायचा काय, बघायचासुद्धा नाही. परवा उघडला नि ओरडले, पाटल्या गेल्या!"

"मग आळ तुमच्यावर का?"

"त्याच्या आदल्या दिवशी न्हाणीत त्यांना चक्कर आली. किल्ली थोडा वेळ माझ्याकडे होती. ताई, तेव्हापासून मी त्यांना नकोच झालेय. चटणी वाढली तरी म्हणतात, वाढली नाही. शेजारी उभी असते, तरी हाका मारतात, कुठी मेली म्हणून."

खडूस म्हातारा, स्वप्नील मनात म्हणाला.

फैजपूरला पोचले तेव्हा गिरधर आबा जेवून ओट्यावर बसले होते. ताट अजून समोरच. भाजी बोटानं पुसून खाल्लेली. मीठ, चटणी, लोणचं तसंच. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरे खुंट.

"पोलीस का तुम्ही?"

"नाही आबा, पाहुणे समजा. जेवण झालं?"

"कसलं जेवण! चटणीबी वाढत नाही आता सून."

स्वप्नीलनं ताटाकडं बघितलं. भांडायला निमित्त पाहिजे माणसाला, दुसरं काय!

जितेंद्र, म्हणजे कामिनीचा नवरा, दोघांना केळीच्या बागेत घेऊन गेला. "बाबांचं डोकं फिरलंय. काल कापायच्या घडांना चुन्याची खूण करायला आले. दोन ओळींच्या मधून पार विहिरीपर्यंत चालले. एका ओळीला खुणा, दुसरी कोरी! इकडे तयार घड आणि ट्रक अर्धा रिकामा. विचारलं तर म्हणे, दुसरी ओळ आहेच कुठं!"

"खुणा कोणत्या हाताला?"

"जाताना उजव्या."

"आणि येताना?"

"येताना माझ्या मोटारसायकलवर मागे बसून आले. फाटकाला खांदा घासला, तेही कळलं नाही. तिजोरीची किल्ली मला द्या म्हणालो तर अंगावर धावून आले."

स्वप्नील हळूच म्हणाला, "ताई, हाच. किल्ली पाहिजे, बायकोवर ढकलून मोकळा."

परत येताना हेमांगी जवळजवळ पळत होती, आणि तिला एवढं घाबरलेलं स्वप्नीलनं कधी बघितलं नव्हतं.

"आबा, डबा आणा. एकदाच. सगळ्यांसमोर."

आबा चिडले, मग हट्टानं उठले. "दाखवतोच तुमाले!"

डबा मांडीवर आला. झाकण उघडलं. स्वप्नील आबांच्या मागून वाकला. डाव्या कोपऱ्यात पाटल्या चकचकत होत्या.

"अरे, ह्या काय..."

हेमांगीनं त्याचं मनगट दाबलं. "आबा, पाटल्या आहेत?"

"गेल्या म्हणतो ना! मी काय आंधया हाये?"

"नाही. डोळे चांगले आहेत तुमचे." तिनं डबा मांडीवरच हळूच अर्धा गोल फिरवला. डावीकडचं उजवीकडे आलं.

आबांनी पाटल्या बघितल्या. बघतच राहिले.

"जादू केली का वं पोरी?"

"चोरी झालीच नाही," हेमांगी भराभर बोलू लागली. "मीठ, चटणी, लोणचं आपण ताटात डावीकडेच वाढतो. तेवढंच आबांना दिसत नाही. दाढी राहिली ती डाव्या गालाची. खुणा नाहीत त्या डाव्या ओळीला. चालत परत आले असते, तर तीच ओळ उजवीकडे आली असती आणि तिलाही चुना लागला असता. कामिनी, तुम्ही वाढायला कुठं उभ्या राहता?"

"डावीकडे," कामिनी पुटपुटली.

"म्हणजे डोळे गेले?" जितेंद्रनं विचारलं.

"डोळे नाही, मेंदू. तिथं कोट्यवधी पेशी असतात, एक दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. डावं अंग उजवा मेंदू सांभाळतो, डावीकडं लक्षही जास्त तोच ठेवतो. त्याचं रक्त अडलं की त्या पेशी गप्प. मग डावीकडं जगच उरत नाही. आणि काही राहिलंय हे त्या माणसाला कळतही नाही. न्हाणीतली ती चक्कर नव्हती, झटका होता. मी डॉक्टर नाही, चुकतही असेन. पण दिवस वाया गेलेत, दुसरा झटका कधीही येईल. गाडी काढा!"

आबा पहिल्यांदाच घाबरले. डबा मांडीवरून घसरला, दागिने ओट्यावर पसरले. उचलायला कोणी थांबलं नाही.

मागच्या सीटवर आबांना बसवलं. कामिनी घाईत डावीकडून चढली, त्यांचा हात घट्ट धरला. जितेंद्र चालवायला, स्वप्नील त्याच्या शेजारी बसला.

"जितू," आबा म्हणाले, "कामिनीले बोलाव. तिच्याबिगर मी येत नाही. मी तिले लय वाईट बोललो रे."

जितेंद्रनं आरशात बघितलं. कामिनी रडत होती. तिनं हात सोडला, खाली उतरली, गाडीला वळसा घालून दुसऱ्या दारानं आत आली.

"हे काय आबा, आलेच मी."

"कुठी होती एवढा वेळ?" आबा म्हणाले, आणि सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.