फडक्यावर उतरलेला लाल

मी किंचाळले, आणि नेमका तेव्हाच तो माणूस आमच्या फाटकापाशी होता. दोन पावलं पुढे गेला असता तर त्याला वाटलं असतं कुकर फुटला, आणि ही गोष्टच घडली नसती.

किंचाळले, कारण गाडीचा रंग माझ्या हातात आला होता. स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं... आणि त्यावर रक्तासारखा लाल डाग. घाईनं दुसरीकडे पुसून पाहिलं, तिथंही लाल. काळजात चर्र झालं. अकरा वर्षं ज्या गाडीला मी बोट लावलं नव्हतं, तिचं एका सकाळीत वाटोळं केलं होतं.

गाडी आमच्या ह्यांची. हे होते तोवर दर रविवारी स्वतः पुसायचे. मी बादली घेऊन गेले की म्हणायचे, "तू तुझी भांडी चमकव, ही माझी." हे गेले आणि गाडी घराच्या कडेच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. लालाची गुलाबी झाली, गुलाबीची खडूसारखी पांढुरकी. मग मुलानं ठरवलं, विकून टाकायची. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. मी म्हटलं, येऊ दे. पण माझ्या दारातून कळकट वस्तू बाहेर पडली, असं कुणी म्हणायचं नाही. माझ्या पातेल्यात बघून भांग पाडावा, असं माझं घर. दुकानातून पॉलिशचा डबा आणला. डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं, त्या भानगडीत मी पडले नाही. घासायला काय वाचता यावं लागतं?

तर, किंचाळले.

"काय झालं ताई? चावलं काही?"

"मी तुमची ताई नाही," मी म्हटलं. एवढ्यातही जीभ जागेवर होती. "आणि चावलं नाही. रंग निघाला."

तो आत आला. विचारलंसुद्धा नाही. साठी ओलांडलेला, हाडकुळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नखांच्या कडांना निळा रंग... जुना, आता कधीच न जाणारा. माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यानं उजेडाकडे धरलं, डॉक्टर एक्स-रे धरतात तसं.

"मेलेला आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"रंग. उन्हानं वरचा थर मरतो, तोच फडक्यावर येतोय. जिवंत खाली आहे. बघायचाय?"

त्यानं फडक्याची स्वच्छ बाजू वर काढली. बोटभर पॉलिश घेतलं. बॉनेटवर तळहाताएवढी जागा धरली आणि नुसता हात फिरवत राहिला... जोर नाही, घाई नाही. पत्र्याशी काही बोलत असावा असा. मग कोरड्या घडीनं एकदा पुसलं आणि बाजूला झाला.

त्या पांढुरक्या पत्र्यात एक लाल खिडकी उघडली होती.

खोल होती ती. तिच्यात आभाळ होतं, विजेची तार होती, तारेवर एक पाखरू होतं... आणि आ वासून बघणारी एक बाई होती. ती मीच, हे समजायला मला वेळ लागला. चाळीस वर्षं भांडी घासली मी, चमक काय असते ते मला कुणी शिकवायला नको. पण भांड्याची चमक वरच्यावर असते. ही आतून येत होती. इतकी वर्षं आतच होती, आणि मी रोज तिच्या शेजारून कपडे वाळत घालायला जात होते! माझी बोलती बंद झाली. माझ्या घरच्यांना विचारा, असं किती वेळा होतं ते.

"उरलेली तुम्ही करा," तो म्हणाला. "तुमची गाडी, तुमचा हात."

"आणि चुकलं तर?"

"तर पुन्हा किंचाळा. मी समोरच राहतो."

समोर म्हणजे त्याच्या बहिणीकडे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती चालायला लागेपर्यंत हा मदतीला आलेला. मग लांब मुलाच्या गावी कायमचा जाणार, बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेहतीस वर्षं बस डेपोत बस रंगवल्या. ही सगळी माहिती मला संध्याकाळपर्यंत सूनबाईनं पुरवली. गल्लीत त्याचं नाव डेपोवाले. आणि त्या लाल खिडकीनंतर मलाही त्यांना 'तो' म्हणवेना, म्हणून इथून पुढे 'ते'.

दुसऱ्या दिवशी डेपोवाले स्वतःची जुनी बनियनं कापून, त्यांच्या नीट घड्या करून घेऊन आले.

"अहो," ते म्हणाले. ताई म्हणायची सोय नव्हती, नाव विचारायची हिंमत नव्हती, म्हणून अहो. "ती अंगठी काढा. रेघ पडेल."

"चाळीस वर्षांत नाही निघाली."

"साबण लावा. निघते."

निघाली. बोटावर फिकट पांढरा वळ राहिला. मी ते पदराखाली घेतलं, त्यांनी दुसरीकडे बघितलं.

त्यांचे नियम फार. गाडी सावलीत हवी. पत्रा हाताच्या उलट्या बाजूनं तपासायचा, कोमट लागला तर थांबायचं. खाली पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, कितीही झटका, खडा राहतोच. आणि कडांना, पत्र्याच्या घड्यांना अगदी हलका हात. "कडेला रंग पातळ असतो. लाजरा असतो. तिथं दांडगाई करायची नाही."

"मला सांगताय? मी दोन सुना नांदवल्यात."

"म्हणूनच सांगतोय."

खिडकीतून सूनबाई खुदकन हसली. मी तिच्याकडे असं बघितलं की खिडकी बंद झाली.

मग त्यांनी खिशातून दोन पातळ प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. एक स्वतःच्या हातात घातली, एक मला दिली. "उघड्या हाताला पत्रा गुळगुळीत लागतो. पिशवीतून फिरवून बघा."

बघितलं. अगं बाई! धुऊन पुसून घेतलेला पत्रा, आणि पिशवीतून कण न् कण लागत होता, रव्यावरून हात फिरवावा तसा. डोळे मिटून मी हात सरकवत गेले. पलीकडून त्यांचा हात येत होता. बॉनेटच्या मध्यावर दोन्ही पिशव्या एकमेकींना लागल्या... चुर्र. एवढाच आवाज. त्यांनी हात काढला नाही. मीही लगेच काढला नाही. पिशवीतून सगळंच जास्त कळतं.

"खडा लागला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "इथं नाही."

त्या दिवशी नातीनं जेवताना डोळे बारीक केले. "आजी, ते तुला अहो म्हणतात."

"मग काय अगं म्हणू देत?"

"तसं नाही... आई बाबांना अहो म्हणते."

"तू तुझा अभ्यास कर."

"आणि आजी, तू आज केस दोनदा विंचरलेस."

शनिवारी बॉनेट पुरं झालं. डेपोवाल्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी पसरलं नाही! थेंब थेंब होऊन उभं राहिलं, गोल, एकेका थेंबात एकेक लाल सूर्य. मी हात जोडले. मला हसू नका, जोडले गेले. तेवढ्यात मुलगा कामावरून आला. हेल्मेट हातातच राहिलं त्याच्या. बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बाबांनी आणली तेव्हा अशी होती." मग बाजूला जाऊन त्यानं गिऱ्हाइकाला फोन केला. येऊ नका म्हणाला.

झालं. आता रविवारची घाई नव्हती. गाडी घरातच राहणार होती. आणि मला मात्र वेगळीच घाई लागली, कारण समोरच्या गॅलरीत बहीणबाई काठी घेऊन फेऱ्या मारायला लागली होती.

काम संपलं की डेपोवाल्यांना आमच्या फाटकातून आत यायला निमित्त नव्हतं. गुडघा बरा झाला की या गल्लीत राहायलाही नव्हतं. त्या बिचारीचा गुडघा जरा सावकाश बरा व्हावा, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, रोज आलं. आणि मी काम लांबवायला लागले. एक दरवाजा दोन दिवस. मागचा पत्रा तीन दिवस. ते शेजारी स्टुलावर बसून डेपोच्या गोष्टी सांगायचे. बसच्या एका बाजूवर रेघ मारताना श्वास कसा धरायचा, आणि आपण रंगवलेली बस रस्त्यात दिसली की अनोळखी माणसांनी भरलेल्या त्या बसला हात कसा करावासा वाटतो. मी ऐकायचे. कुणाला वाक्य पुरं करू देत नाही म्हणून जिला घरात नावं ठेवतात, ती मी तासन्‌तास ऐकायचे!

"हा दरवाजा परवा झाला होता ना?" एकदा त्यांनी विचारलं.

"कुठला? छे. डाग राहिलेत."

"मला दिसत नाहीत."

"चष्मा बदला."

चष्मा बदलला नाही. हसले, आणि गोष्ट पुढे चालू केली.

असा तो ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा मी पाच वेळा घासला. ते दुपारी बहिणीला औषध द्यायला जायचे तेव्हाही घासला, म्हणजे संध्याकाळी येऊन बसायला काही तरी अपुरं दिसावं. एवढी वर्षं संसार केला, पण असला येडेपणा माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता. आणि वाटायचं काय, सांगू? लाज नाही वाटायची. नवल वाटायचं. या वयात, या छातीत, हे एवढं धडधडतंय कोण?

मग एका गुरुवारी बहीणबाई भाजीची पिशवी घेऊन रस्त्यानं चालत आली. काठीशिवाय.

शुक्रवारी सकाळी डेपोवाले आले. इस्त्रीचा शर्ट. खांद्याला पिशवी.

"उद्याची गाडी आहे," ते म्हणाले. "मुलानं तिकीट काढलंय. प्रवासाचं सामान आणायला निघालोय."

"बरं," मी म्हटलं. "डबा करून देऊ?"

बघा माझं तोंड! एरवी कात्रीसारखं चालतं, आणि त्या दिवशी डबा विचारला.

"नको. जाताना एकदा गाडी बघतो."

ते गाडीभोवती फिरले. सवयीनं हाताची पालथी बाजू पत्र्यावरून नेत होते, बॉनेट, पुढचा पत्रा, दरवाजा... आणि दरवाजाच्या कडेला हात थांबला. ते खाली वाकले. चष्मा कपाळावर घेतला, परत डोळ्यांवर घेतला.

मीही वाकले. कडेवर नखाएवढी राखाडी रेघ. लाल नव्हतंच तिथं. रंगाच्या खालचं अस्तर वर आलं होतं.

"हा मेलेला नव्हे," ते हळू म्हणाले. "जिवंत रंग घासून काढलाय इथं." मग बोटानं त्या रेघेच्या आजूबाजूला चाचपत राहिले, एखादं पत्र वाचावं तसं. "चार वेळा. नाही... पाच. गरज एकदाचीच होती."

माझे कान तापले. मी कधी कुणाची चोरी केली नाही, आणि पकडली गेले ती दरवाजाच्या कडेत. समोर कोणी दुसरं असतं तर मी म्हटलं असतं, पॉलिश खराब, फडकं खराब, तुमचं शिकवणं खराब. शब्द अगदी ओठांवर होते. पण त्या माणसाला पत्रा वाचता येत होता. खोटं बोलून काय उपयोग?

"दुरुस्त होईल?" मी विचारलं.

"होईल. हा लाल मी कालवीन, डोळे झाकून. पण ताज्या रंगाला महिनाभर हात लावायचा नाही, पॉलिश नाही. नुसतं थांबायचं. मग शेवटचा हात द्यायचा."

"महिना," मी म्हटलं.

"महिना."

समोरच्या घरात कुणीतरी नळ बंद केला. मला वाटलं, आता ते म्हणतील की रंगासाठी थांबतो. म्हणजे माझी सुटका. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. ते उभे राहिले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"रंग देऊन मी उद्या जाऊ शकतो. शेवटचा हात तुम्हाला येतो," ते म्हणाले. "गाडीसाठी मला थांबवू नका, अहो. गाडीसाठी मी बऱ्याच ठिकाणी थांबलोय."

आयुष्यात मी लोकांना उठ म्हटलं, बस म्हटलं, घे म्हटलं, चालता हो म्हटलं. मागितलं मात्र कुणाकडे काही नाही. ह्यांच्याकडेसुद्धा नाही. जे हवं ते स्वतः केलं, नाही जमलं तर नको होतंच म्हटलं.

"थांबा," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना.

"कशासाठी?"

"माझ्यासाठी... माझ्यासाठी थांबा."

परत म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली, हळूच खाली ठेवली. डोळे ओले होते त्यांचे. तेहतीस वर्षं बस रंगवलेला माणूस, आणि एका शब्दावर!

"एवढंच म्हणायचं होतं," ते म्हणाले, "तर तो दरवाजा कशाला झिजवलात?"

"दरवाजा झिजवणं सोपं होतं हो," मी म्हटलं.