पुडी कुणाची

“त्याला सांग, चहा गार होतोय,” आई धाकटीला म्हणाली. आणि ज्याला सांगायचे तो थोरला तिच्यासमोर हातभर अंतरावर बसला होता.

कित्येक वर्षे आई त्याच्याशी अशी मध्यस्थामार्फतच बोलत आली होती. तंबाखूपायी स्वतःचे वडील गमावलेल्या त्या स्त्रीने संसाराच्या आरंभीच बजावले होते, की या घरात जो तंबाखूला शिवेल त्याच्याशी माझा अबोला, आणि एके दिवशी घरच्यांचे कपडे टांगायच्या खुंटीखाली तंबाखूची पुडी सापडली तेव्हा, हृदयविकारातून नुकत्याच उठलेल्या आपल्या वडिलांचा पांढराफटक चेहरा पाहून थोरला पुढे होऊन म्हणाला होता, “माझी आहे.” वडील गेले, ते वाक्य मात्र त्याने कधी मागे घेतले नाही.

आता त्याच्या टॉन्सिलमध्ये कर्करोग निघाला होता. उद्यापासून किरणोपचार. घसा सोलवटून बोलणेच खुंटण्यापूर्वी आई आपल्याशी एक शब्द तरी बोलेल का, एवढीच त्याची तळमळ होती…

धाकटी पेशींची तपासणी करणारी डॉक्टर. ती म्हणाली, “दादा, गाठीच्या तुकड्यात पी-सिक्स्टीन नावाचं प्रथिन ठळक दिसलं. म्हणजे रोग बहुधा एका विषाणूमुळे झालाय. तो अनेकांना नकळत होतो. हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. हमी नाही, पण आशा भक्कम आहे.”

“आणि त्याची तंबाखू?” आईने विचारले.

“कुणी काय खाल्लं ते ही खूण सांगत नाही, आई. पण याच्या तोंडात तंबाखूचा मागमूस नाही. दादा, तू खरंच खायचास?”

“एकदा चाखली. दिवसभर ओकत होतो.”

“मग पुडी कुणाची?”

“जुनी गोष्ट. सोड ना.”

आईने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले.

“हे जेवल्याबरोबर लवंग चघळायचे,” ती म्हणाली. “लवंगेखालचा वास मला येत नव्हता असं नाही. पण तो ओळखला असता, तर यांच्याशी अबोला धरावा लागला असता.”

“म्हणून दादाशी धरलास?”

“मुलाशी अबोला धरला, तरी मूल कुठे जात नाही, असं वाटायचं…”

तिने थोरल्याच्या कपाला हात लावून पाहिला. मग मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिले.

“गार झालाय रे. आण, तुला गरम करून देते.”

थोरल्याने कप पुढे केला.