कुरिअरने आलेला गाल

माणूस किती घाणेरडा असतो हे बघायचं असेल तर त्याचा जुना मोबाइल बघावा. तोंडावरून काही कळत नाही, तोंड सगळेच धुतात. कानाशी धरायच्या जाळीत मळाची पिवळी पुटं, बटणाच्या फटीत सुकलेली कणीक, कव्हरच्या आत केस, कुंकू, बिस्किटाचा भुगा. एकदा तर झुरळाची अंडी निघाली. शी! मी दीप्ती परब. जुने फोन विकत घेणाऱ्या कंपनीत सात वर्षं हेच बघतेय, आणि अजूनही डबा उघडण्याआधी तीनदा हात धुते.

आधी मी घाटकोपरच्या दुकानात काउंटरला होते. तिथे गिऱ्हाईक समोर उभं असायचं. फोन हातात घेण्याआधी मी सरळ सांगायचे, "जरा पुसून द्या." लोक ओशाळायचे, शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसायचे. एक बाई तर म्हणाली, "अहो, एवढा घाण आहे हे मलाच माहीत नव्हतं." समोर माणूस असलं की लाज असते. बाळंतपणाची रजा संपवून परत आले तर मला साकीनाक्याच्या गाळ्यात टाकलं होतं, कुरिअरने येणाऱ्या फोनांवर. खोक्यातून पाठवणाऱ्याला कसली आलीय लाज? जेवता जेवता खाली ठेवला तसाच गुंडाळून पाठवतात मेले. तिथे पुसायचं काम माझं.

हे सगळं सहन करत होते ते संध्याकाळच्या भरवशावर. माझा अनय नऊ महिन्यांचा. नवरा राजेश जहाजावर, चार-चार महिने येत नाही. दिवसभर बाळ मुलुंडच्या घरी सासूबाईंपाशी. सात वाजता मी आंघोळ करून बाहेर आले की तो रांगत यायचा, माझ्या मांडीवर चढायचा आणि दूध पिण्याआधी आपला गाल माझ्या गालावर टेकवायचा. नाकाने हुंगायचा, मग हसायचा. त्यावर माझा दुसरा दिवस निघायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी तो फोन आला. पाठवणारा अनंत केळुसकर, जोगेश्वरी पूर्व. फोन काळा, साधा, एक ओरखडा नाही. पण काचेवर अख्खा गाल उमटलेला होता. नेहमीचे तेलकट फराटे असतात तसं नाही. रुंद, पुरुषी गाल, दाढीच्या खुंटांची बारीक टोकं, वर कानाची पाळी. वास शिळ्या खोबरेल तेलाचा आणि दमट टॉवेलचा.

स्पिरिट लावून पुसला. काच लख्ख झाली. ट्रेमध्ये ठेवून दुसरा फोन उघडला, आणि परत बघते तर गाल तिथेच.

"भाऊराव, तुम्ही कानाला लावलात हा?"

भाऊराव माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता निवृत्तीला आलेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी कुरिअरचा फोन पहिल्या दिवशी हातात घेत नाही. एक दिवस पडून राहू देतो."

"का, पिकतो की काय?"

"पुसायचं ज्याचं त्याने असतं," ते म्हणाले. "तूही राहू दे."

मी मनात म्हटलं, डोंबल! कामचुकारपणाला तत्त्वज्ञान जोडायचं. पुन्हा पुसला. गाल परत आला, पण थोडा फिकट. तिसऱ्यांदा पुसला, आणखी फिकट. मग मी हट्टालाच पेटले. आमच्याकडे काचेवरचा बारीक ओरखडा शोधायची एक पद्धत आहे: तोंड जवळ नेऊन हाऽ करून वाफ सोडायची आणि अंगठ्याने पुसायचं. तसं केलं. वाफ नेहमीसारखी उडून गेली नाही. काच अंगठ्याखाली कोमट लागली, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. पण पुसल्यावर गाल गेला तो गेलाच.

"हे बघा, झाला की नाही साफ!" मी म्हटलं. भाऊरावांनी आपलं स्टूल हातभर लांब सरकवलं. मला राग आला होता, म्हणून मी विचारलं नाही का ते.

त्या संध्याकाळी अनय आला, मांडीवर चढला, गाल टेकवला आणि मागे झाला. माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा हुंगलं त्याने. कपाळाला आठी घातली.

"साबण बदललास की काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

साबण तोच होता. दूध प्याला तो, पण डोळे मिटून, तोंड शक्य तेवढं लांब ठेवून.

सकाळी गाळ्यात गेले तर काचेवर गाल होता. कालचा नव्हे. हा अरुंद, खुंट नसलेला, आणि कानाखाली एक बारीक गोल खड्डा. कांजिण्यांचा तसा खड्डा माझ्या कानाखाली आहे. मी तो फोन एकदाही कानाला लावला नव्हता. फोन बंद होता, आत सिमकार्डसुद्धा नव्हतं.

ईऽऽ! दुसऱ्याची घाण मी सात वर्षं पुसली, पण स्वतःची अशी समोर ठेवलेली बघून जी किळस आली ती काही वेगळीच होती. पिवळट, चिकट, छिद्रनछिद्र दिसणारी. मी घासून घासून पुसली. बुधवारी दोनदा, गुरुवारी चारदा. दर वेळी उमटायची, आणि दर वेळी जरा जास्त ठसठशीत. शुक्रवारी कंटाळून फोन नाकारला असा शेरा मारला आणि मूळ पत्त्यावर परत पाठवायला दिला. सोमवारी खोकं माझ्याच टेबलावर होतं. 'घेण्यास नकार.'

घरी वाट लागली होती. गुरुवारी अनयने माझ्या अंगावर पिणं सोडलं. मी उचललं की पाठीची कमान करून ओरडायचा. अनोळखी माणसाने उचलल्यावर लेकरू जसं रडतं तसं. मी पोटच्या पोराला रडवते आहे, आणि शेजारची अस्मिता येऊन घेते तर गप्प होतो! मी बाथरूममध्ये जाऊन गाल लाल होईपर्यंत घासला. चेहऱ्याला तेल म्हणून येईना. हाताला माझा गाल कागदासारखा लागत होता. मला भीती वाटली, खरंच सांगते, मला फार भीती वाटली.

"तुका वळखणा नाय गो तो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मंगळवारी अर्धी सुट्टी टाकली आणि फोन पर्समध्ये घालून जोगेश्वरी गाठली. दुपारचे दोन. तिसरा मजला, दाराला झेंडूचं सुकलेलं तोरण. दार उघडलं ते साधारण पंचेचाळीसच्या माणसाने. उन्हाळ्याचे दिवस, जिना चढून मी घामाने निथळत होते, म्हणजे मानेवर आणि पाठीवर; तोंडावर थेंब नव्हता. त्याच्याही तोंडावर नव्हता.

"केळुसकर? हा फोन तुम्ही पाठवलात. परत का घेत नाही?"

आतून बाईचा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"अगं जयंती, मी," तो म्हणाला. "फोनच्या कंपनीतून बाई आल्यात."

"हो, त्यांचं कळलं. दुसरं कोण बोलतंय?"

त्याने मला आत बसवलं. त्याची बायको, जयंती, पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला आणि नवऱ्याला वळसा घालून, भिंतीला अंग घासत परत गेली.

"आधी दुकानातच नेला होता मी," तो म्हणाला. "घाटकोपरला. काउंटरवरची बाई म्हणाली, पुसून द्या. रुमाल काढला, पण हात होईना. का ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. मग परत आणला. म्हटलं, कुरिअरने द्यावा. समोर कोणी नसलं की देता येतं."

"पण यावर तुमचा गाल होता."

"होता ना." तो पुढे वाकला. "अजून आहे?"

मी फोन काढून दिला. त्याने काच उजेडाकडे तिरपी धरली, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. मग त्या पठ्ठ्याने काय करावं? माझ्या त्या चिकट डागावर आपला कोरडा गाल टेकवला आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने त्याने फोन खाली घेतला. काचेवर त्याचं काहीही उमटलं नव्हतं.

"कोणी पुसला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बाई, कोणी पुसला हो?"

"मी," मी म्हटलं. "माझं कामच आहे ते."

तो चिडला नाही. नुसती मान हलवत राहिला. मी फोन घेऊन उठले तेव्हा जयंती दारापर्यंत आली. "नाक-डोळे तेच आहेत," ती कुजबुजली. "सही तीच, चालणं तेच. तक्रार करायची तर कशाची करू? गेल्या मंगळवारपर्यंत हे थोडेफार तरी होते."

जिन्यात मी दिवस मोजले. गेल्या मंगळवारी मी हाऽ केलं होतं आणि अंगठ्याने त्या बाईचा नवरा पुसून टाकला होता. आणि दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःला पुसत होते.

फोन गाळ्यात परत नेला नाही. पर्समध्ये राहून गेलेल्या अनयच्या दुपट्यात गुंडाळून, काचेला काही लागणार नाही असा धरून घरी आणला. घाण वाटत होती, पण उंबऱ्याशी आले तेव्हा तो तान्ह्यासारखा दोन्ही हातांवर घेतलेला होता.

सासूबाई म्हणाल्या, अनयने सकाळपासून वाटीला तोंड लावलं नाही. बाटली नाही, पेज नाही, काही नाही. रडून रडून आवाज बसला होता त्याचा.

मी खाली बसले, हात पसरले. "ये रे बाळा."

त्याने मान वर केली. हुंगलं. आणि झपाझप रांगत आला!

मला रडूच फुटलं. तो आला, माझ्या हातांखालून गेला, आणि पर्सशेजारी ठेवलेल्या दुपट्याशी थांबला. दुपटं त्याने ओढून काढलं.

गाल काचेवर टेकवला. नाकाने हुंगलं. हसला.

मग फोनचा कोपरा तोंडात घेतला आणि डोळे मिटून चोखायला लागला. शी, शी, केवढी घाण ती! हिसकावून घ्यायला मी हात पुढे केला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या.

पंधरा मिनिटं घरात फक्त चोखण्याचा आवाज होता. मग त्याने फोन सोडला. सासूबाईंनी त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. पोट भरल्यावर देतो तसा त्याने मोठा ढेकर दिला.

ओठाच्या कोपऱ्यातून पांढरा ओघळ हनुवटीपर्यंत आला. सासूबाईंनी तो पदराने टिपला, पदर नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"दूधच गो," त्या म्हणाल्या. "तुझाच वास येता."