भिंतीपलीकडच्या काकू

चावीकाका सातव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवायला निघाले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. ही काही भुताची वेळ नव्हे. भुतंसुद्धा त्या वेळी जेवून आडवी झालेली असतात.

काका भाड्याच्या घरांचे एजंट. कमरेला एवढ्या चाव्या, की जिन्यात ते दिसण्याआधी ऐकू यायचे. शहर वांड पोराच्या पायांसारखं वाढत होतं, कालचं माप आज होत नव्हतं. सकाळी रिकामा झालेला फ्लॅट दुपारी हातचा जायचा. आणि हा एक फ्लॅट मात्र जाऊ नये म्हणून काका जिवाचं रान करत होते.

कारण लेक. तिला सातवा महिना लागलेला, राहायला एका दुकानावरची खोली, तीन जिने चढून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता जिने चढलीस तर मी जबाबदार नाही." हा फ्लॅट लिफ्टवाला, दवाखान्यासमोरच. पण मालक फोनवर अडून बसलेला. "एजंटाचे नातेवाईक नकोत. एकदा शिरले की निघत नाहीत. महिनाअखेरपर्यंत दुसरं कुणी मिळालंच नाही, तर बघू."

"नाहीच मिळणार," काका म्हणाले. माणसाला स्वतःबद्दल खात्री असावी ती अशी.

त्या दुपारी बँकेतले साहेब आणि त्यांची बायको आली. काका बेडरूमच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि पाठीमागच्या हातातल्या चावीनं हळूच... टक. टक. टक.

"शेजारी कुणी राहतं वाटतं?" बाईंनी विचारलं.

"काकू आहेत. चार वाजले की ठोकतात."

काकांनी सावकाश खिडकी उघडली. बाई डोकावल्या. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. इमारत तिथंच संपत होती. खाली सात मजले नुसती हवा, आणि तळाशी सिमेंटचा मिक्सर.

"तशा त्रास देत नाहीत हो, वहिनी..."

वहिनी लिफ्टचीही वाट न बघता जिन्यानं गेल्या. साहेब त्यांच्याही पुढे.

पुढचा गडी व्यायामशाळेचा मास्तर, बोलताबोलता दंडाच्या बेटकुळ्या नाचवणारा. त्याच्यासाठी काकांनी कपाटात लवंगतेल शिंपडलं. "काकूंची दाढ दुखते," एवढंच म्हणाले. मास्तर असा पळाला, की बेटकुळ्या मागेच राहिल्या.

तिसरी गोष्ट एका मुख्याध्यापिकाबाईंसाठी रचून ठेवली होती. काकूंची एक चप्पल हरवलीये, डावी, निळी, आणि ती शोधत त्या दारोदार फिरतात. पण बाईंना दुसरीकडेच घर मिळालं. गोष्ट काकांच्या पोटातच राहिली. आरशालासुद्धा सांगितली नाही त्यांनी.

महिना संपला, लेक राहायला आली. लिफ्टमध्ये ती अशी हसली, की काकांना आपल्या थापा पुण्यकर्म वाटल्या.

पंधरा दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. "बाबा, शेजार फार छान मिळालाय हो."

"कोण गं?"

"बेडरूमच्या पलीकडच्या काकू. रोज चारला तीनदा ठोकतात. मीही उलट ठोकते."

काका गालात हसले. बँकवाल्या बाईंनी गावभर केलेलं दिसतंय, आणि पोरगी बापालाच बनवतेय! "आणि त्यांची दाढ?"

"तुम्हाला कसं ठाऊक? सगळ्या घरात लवंगतेलाचा वास येतो."

"बापाला शिकवतेस होय? मास्तर भेटला वाटतं?"

"कोण मास्तर?... बरं, एक काम होतं. काल काकू पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, माझी डावी चप्पल... ती निळी... तुझ्या वडिलांकडे राहिलीये. मी तुमचा पत्ता दिलाय. आज चारला येतील न्यायला."

काकांचं हसू ओठांवरच वाळलं. घड्याळात चारला पाच कमी होते.

"बाबा? काही चुकलं का माझं? सोडू का हे घर?"

तीन जिने डोळ्यांसमोर उभे राहिले. काकांनी घसा खाकरला.

"घर सोडायचं नाही. अजिबात नाही. काकूंचं मी बघतो. आयुष्यभर लोकांना घरंच दाखवलीत, एक चप्पल दाखवता येत नाही होय मला?"

फोन ठेवून त्यांनी दार उघडलं. त्यांच्या झिजलेल्या बुटांशेजारी एक लहानशी निळी चप्पल होती. डावी. काकांनी ती उचलली. आतून उबदार होती, आत्ताच कुणी पायातून काढल्यासारखी.

लवंगेचा वास आला. जिन्यात कुणीतरी चढत होतं.

एक पाऊल वाजत होतं, एक नव्हतं.