वीस पावलांवरचे पट्टकदंब

राजेश्वरी देवण्यांच्या कचेरीत गौराबाई आल्या, त्या समोरच्या चहाला हात न लावता बोलायलाच लागल्या. त्यांचे पती कल्याणप्पा गुरुजी, तेरचे निवृत्त शिक्षक, बारा दिवसांपूर्वी तेरणा धरणाच्या फुगवट्यात बुडाले होते. तिथल्या काठावरून त्यांनी तीस हिवाळे पाखरं मोजली. डोळे अधू झाले म्हणून गुरुजींनी जीव दिला, असं गाव म्हणत होतं.

"म्या काय कमी केलं व्हतं, बाई?" त्या म्हणाल्या. "पाय घसरून गेले, का मला टाकून गेले, एवढंच सांगा."

राजेश्वरीबाई धाराशिवात खासगी तपासाची कामं घेत. त्यांचा मदतनीस भागवत निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, पण ट्यूब उशिरा पेटे.

दुसऱ्या सकाळी तेरच्या एसटीत भागवतनं खुनी ठरवूनही टाकला होता. काठावरचा शेतकरी धोंडीबा! पट्टकदंब, म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे ते मोठे हंस, दिवसा पाण्यावर बसतात आणि अंधारात हरभरा फस्त करतात. धोंडीबा फटाके लावून त्यांना उठवी, आणि त्यावरून दरसाल गुरुजींची त्याच्याशी जुंपे.

धोंडीबानं दोघांना बांधावरूनच हात जोडले. त्याचा हरभरा घाट्यांनी लगडला होता.

"यंदा भांडायला कारनच न्हवतं," तो म्हणाला. "पाखरांनी एक शेंडा बी खुडला न्हाय. तेरखेड्याचे फटाके आनले, ते तसेच पडून हायेत."

पुढे नदीवर युवराज भेटला. तो मासे धरी. गुरुजींना पाण्यात जाताना पलीकडच्या काठावरून त्यानंच पाहिलं होतं. त्यांच्या चपला काठावर नीट काढून ठेवलेल्या सापडल्या होत्या.

"सरळ चालत गेले?" राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"सरळ न्हाय. वाकून, थांबत थांबत. आदी टोपी काढून खिशात घातली. म्या हाक मारली, तर हातानंच गप म्हनले. त्या वठलेल्या बाभळीच्या रोखानं चालले व्हते, आन् एकदम दिसंनासे झाले."

बाभळीजवळ पूर्वी गुडघाभर पाणी असे. गेल्या उन्हाळ्यात शेतात टाकायला तिथला गाळ उपसला, तेव्हापासून पुरुषभर खोल खड्डा झाला होता.

चपला काठावर काढल्या म्हणजे जीवच दिला, असा भागवतनं निकाल दिला. मरायला निघालेला माणूस टोपी खिशात कशाला जपेल, एवढंच राजेश्वरीबाईंनी त्याला विचारलं.

शेवटी ते बिराप्पाकडे गेले. हा निवृत्त एसटी कंडक्टर, गुरुजींचा चाळीस वर्षांचा दोस्त. डोळे अधू झाल्यापासून तोच रोज त्यांना हाताला धरून काठावर नेई, दुर्बिणीतून पाखरं मोजी, वहीत लिही आणि वाचून दाखवी. त्या दिवशी मात्र तो तापानं फणफणला होता. वाट पायाखालची, म्हणून गुरुजी एकटेच गेले.

वही त्यानं मुकाट्यानं काढून दिली. डिसेंबरात पट्टकदंब चाळीस, मग नव्वद, जानेवारीत दोनशे बारा. शेवटची नोंद मरणाच्या आदल्या दिवशीची होती. थवा वठलेल्या बाभळीशी, काठापासून वीस पावलांवर.

दुपारी राजेश्वरीबाईंनी त्याला गुरुजींच्या घरी बोलावलं. गौराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"गुरुजी जीव द्यायला गेले नव्हते," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "पाखरू बुजू नये म्हणून माणूस वाकून जातो, थांबतो. पांढरी टोपी काढतो. पाणी वाजू नये म्हणून चपला काढतो. थवा उडेल म्हणून त्यांनी युवराजला गप्प केलं. काठावरून दिसत नव्हतं, पण आणखी जवळ गेलो तर दिसतील, या आशेनं ते पट्टकदंब बघायला निघाले होते. खड्डा त्यांना ठाऊक नव्हता."

"पण थवा तिथं होताच ना?" भागवतनं विचारलं.

"दोनशे पट्टकदंब उतरले असते, तर धोंडीबाचा हरभरा उरला असता का, भागवत? यंदा एकही आला नाही. वहीतले आकडे खोटे आहेत."

बिराप्पाची मान खाली गेली होती.

"रोज इचारायचे, आले का रे?" तो म्हणाला. "त्यांचं तोंड बघवंना. एक दिवस चाळीस म्हनलो. मग कमी कसे सांगू? आदल्या दिशी अंगात कणकण व्हती, उद्या म्या येत न्हाय म्हनल्यावर लई कष्टी झाले. म्हनून म्हनलं, जवळ आलेत, वीस पावलांवर. लई दिवसांनी हसले, वहिनी. एकटेच जातील असं वाटलं न्हाय. आन् त्यो खड्डा ध्यानातच आला न्हाय. जुनीच जागा डोळ्यांपुढं व्हती."

गौराबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा आपल्याला टाकून गेला नाही याचा दिलासा आणि तो हकनाक गेला याचं दुःख, दोन्ही एकदमच आलं. बारा दिवसांत त्या पहिल्यांदाच मोकळ्या रडल्या. बिराप्पा पाय धरायला वाकला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

"भावजी, तुमी खरं सांगितलं असतं, तर ते रडले असते," त्या म्हणाल्या. "घरी येऊन रडले असते. म्या व्हते की."