छत्रीवाली अवदसाबाई

मैनानं छत्री मिटली, पदर खोचला आणि भर बाजारातून ती त्या पोरांमागं धावली. पोरं कसली सापडतात! "अवदसाबाई आली, पळा रे" असं ओरडत ती गल्लीत पसार झाली, आणि मैना मात्र धाडकन एका उंच तरुणावर आदळली.

"सांभाळून बाई... पडान ना," तो हसत म्हणाला.

तो आवाज ऐकला आणि मैनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा आवाज त्या साली, म्हणजे एकसष्ट साली, साऱ्या पुसदला पाठ होता. बाजाराच्या मैदानात निजामुद्दीनशेठच्या फिरत्या सिनेमाचा तंबू पडला होता. दर रविवारी संध्याकाळी मोठ्या सिनेमाआधी तिथं पोरांसाठी दहा मिनिटांचं विलायती कार्टून लावत, दर आठवड्याला एक नवा भाग. बोलणं सगळं इंग्रजी, म्हणून हा बबन माइक घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा आणि गोष्ट आपल्या भाषेत सांगायचा. त्या गोष्टीत काळी छत्रीवाली एक कोंबडी होती. ती घरात शिरून छत्री उघडायची, की सगळे प्राणी जीव घेऊन पळायचे. बबननं तिचं नाव ठेवलं अवदसाबाई.

आणि काळी छत्री घेऊन उन्हातान्हात फिरणारी बाई गावात एकच होती — मुलींच्या शाळेची ही मास्तरीण.

त्यात गावातल्या शकुबाईची बकरी मेली, ती नेमकी मैना तिच्या दारी येऊन गेली त्या दिवशी. झालं! घरोघरी हातापाया पडून मैनानं वीस मुली जमवल्या होत्या, त्यातल्या सहा उरल्या. पुढच्या मंगळवारी यवतमाळहून शाळा तपासायला साहेब यायचे होते. पंधरापेक्षा कमी मुली दिसल्या तर शाळा बंद, असं त्यांनी बजावलं होतं. माणसं तरी काय एकेक... पडद्यावरच्या कोंबडीला भिऊन लेकींच्या पाट्या चुलीमागं टाकणारी!

हे सगळं तिनं उभ्या बाजारात त्याला सुनावलं. बबनचं हसू पार मावळलं.

"मले इंग्रजी येतच नाई, बाई," तो म्हणाला. "छत्री पाहून सारे काहून पळते, ते मलेच समजलं नाई. म्हून लावलं मनानं."

"तुमच्या मनात छत्रीवाली म्हणजे अवदसाच येते?"

"तवा..." तो अडखळला. "तवा तुमाले पाह्यलं नवतं ना."

मैनाला आणखीच राग आला. आणि आपले गाल तापले, त्याचा वेगळा राग आला.

ती तडक त्याच्याबरोबर तंबूत गेली. फिल्मच्या डब्यात एक छापील इंग्रजी कागद होता. मैना मॅट्रिक झालेली. ओळीखाली बोट धरून तिनं त्याचा अर्थ लावला. घरात छत्री उघडणं तिकडं अशुभ मानतात, आणि ते खोटं आहे हे दाखवायला ती कोंबडी मुद्दाम छत्री उघडते. म्हणजे सगळ्यांत शहाणी तीच होती, आणि या पठ्ठ्यानं गोष्ट साफ उलटी सांगितली होती.

"कागद इकडं हाय," मैना वर न पाहताच म्हणाली.

"पाहूनच राह्यलो," बबन म्हणाला. पण त्याचे डोळे तिच्या बोटांवर होते.

येत्या रविवारी माइकवर खरं सांगा, असं तिनं बजावलं. तो म्हणाला, शेवटचा भाग आहे, त्यात कोंबडीला हळूहळू चांगली करून टाकतो. तिला ते चालणार नव्हतं. खोटं सांगितलं असंच म्हणायचं. शेठ मला हाकलून देतील, तो म्हणाला. माझी शाळा जाते त्याचं काय, असं विचारून ती मागं न पाहता निघून गेली.

रविवारी तंबू गच्च भरला. कोंबडीनं छत्री उघडली, पोरं किंचाळली, आणि बबननं मशीन थांबवायला लावलं. दिवे लागले.

"मायबाईहो, ही कोंबडी अवदसा नाई," तो म्हणाला. "ते मी माह्या मनचं सांगतलं. खोटं सांगतलं. त्याच्यापायी तुमी शाळेच्या बाईले नावं ठेवता. गुन्हा माहा हाय, त्यायचा नाई."

शिट्ट्या वाजल्या, आरडाओरडा झाला. शकुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग माही बकरी कायनं मेली?"

"ते मले माहीत नाई, मावशी. पण बाईनं नाई मारली."

आधी बायकांच्या बाजूला खसखस पिकली, मग सारा तंबू हसला. शकुबाई पुटपुटत खाली बसली. निजामुद्दीनशेठ मात्र हसले नाहीत. खेळ मोडला म्हणून त्यांनी तिथल्या तिथं बबनला काढून टाकलं.

तो वळकटी घेऊन बाहेर आला तर मैना वाटेतच उभी. ती पुन्हा चिडलेलीच होती. एवढं खेळ थांबवून बोलायची काय गरज होती, आता पुढं काय करणार, असं तिनं त्याला फैलावर घेतलं. डोळ्यांतलं पाणी मात्र पुसायचं राहिलं.

"तुमीच तं खरं सांगा म्हटलं," बबन म्हणाला. "अजून एक खरं हाय... ते माइकवर नाई सांगता येत."

"मंग इथं सांगा."

"तुमी मले आवडता. रागावता, तवा तं... लयच."

मैना म्हणाली, "उद्या सकाळी माह्यासंगं चला. तंबूत सांगतलं ते दारोदार सांगा. पोरी येऊ द्या, साहेब जाऊ द्या. मंग हे माह्या बाबाले सांगा."

सोमवारभर दोघं फिरले. काहींनी दारं लावून घेतली, काहींनी पाट्या शोधून दिल्या. शकुबाईनं कुरकुरत का होईना, दोन्ही लेकी धाडल्या. मंगळवारी साहेबांपुढं सोळा मुलींनी पाढे म्हटले आणि शाळा राहिली.

त्याच संध्याकाळी मैनाचे वडील पुंडलिकराव अंगणात कापसाच्या ढिगाशी बसले होते. हा कोण, म्हणून त्यांनी विचारलं. अख्खा तंबू बोलण्यावर नाचवणारा बबन नुसता खाली पाहत राहिला. शेवटी मैनाच पुढं झाली.

"बाबा, यानं साऱ्या पुसदात मले अवदसा केलं."

पुंडलिकरावांनी काठी उचलली. "मंग?"

"मंग काय... याच्याच घरी धाडा मले. भोगू द्या जन्मभर."